डॉक्टरांना न सांगितलेली वेळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, देवाला तर नाहीच — त्याला माहीत असेल तर असू दे. आणि आधीच सांगते, माझी कीव करायची असेल तर इथेच थांबा. मला ती नको आहे.

मी नर्स आहे. पनवेलच्या एका खाजगी रुग्णालयात चौदा वर्षं काढली. पक्षाघात कसा ओळखायचा, हे मी गावोगावच्या बायकांना शिकवते — हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का बघा. दोन्ही हात वर करायला लावा. एक वाक्य बोलून घ्या. आणि घड्याळ बघा. परवा विचुंब्यात एका आजीनं विचारलं, "सिस्टर, घड्याल कशाला बगायचा? आदी गाडी नको का बोलवायला?" सगळ्या हसल्या, मीही हसले. गाडी आधी बोलवाच, म्हटलं, पण डॉक्टर पहिल्यांदा वेळ विचारतात. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला की तेच जिवावर बेतू शकतं. हे मी किती शांतपणे सांगते, तुम्ही ऐकायला हवं.

माझ्या सासूबाई धवलारीण होत्या. आमच्या आगरी लग्नात एकेका विधीला धवला गातात, आणि तो गाणाऱ्या धवलारणीला भटजीइतकाच मान. त्यांचा दंडक एकच — "धवला मधीच तोडायचा नाय. तोडला त संसार तुटतो." माझ्या भावाच्या लग्नाला, आपटा गावी, मीच त्यांना हट्टानं नेलं. त्याचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. या खेपेला मला कशातच उणं नको होतं.

सकाळी सातला घरून निघालो. मांडवात त्या गायला लागल्या आणि — कसं सांगू? — एकच शब्द त्यांनी तीनदा म्हटला. मग ओठांचा उजवा कोपरा खाली आला. उजव्या मुठीतले तांदूळ मांडीवर सांडले. सोबतच्या बायकांना वाटलं, गळा दाटला. त्यांनी ओळ उचलून धरली. मला मात्र तिथल्या तिथे कळलं. सवयीनं मी मनगटावरचं घड्याळसुद्धा पाहिलं.

आणि गप्प बसले.

का? शिकलेली बाई, धवला तुटेल म्हणून भ्यायले? हो, भ्यायले. धवला संपला, तेव्हा म्हटलं, मंगलाष्टकं होऊ देत. ती झाली, तेव्हा म्हटलं, हार तरी घालू देत. उन्हाचं झालंय, असं सगळ्यांना सांगून मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्या डाव्या हातानं माझा पदर ओढत होत्या. मी तो सोडवून घेतला.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. एवढाच असता तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते.

दोन वाजता त्यांना घेऊन रुग्णालयात पोचले — माझ्याच. अडीच तास झाले होते. म्हणजे अजून वेळ हातात होता! नवरा उरणच्या बंदरातून, ड्युटी टाकून धावत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटच्या नीट कधी होत्या?" खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग इतका वेळ तुम्ही काय करत होता, सिस्टर? तोही नवऱ्यासमोर. म्हणून मी म्हटलं, "सकाळी सातला, घरून निघताना. नंतर लग्नाच्या गडबडीत माझं लक्षच नव्हतं." म्हणजे सात तास. डॉक्टरांनी तेच कागदावर लिहून घेतलं. इंजेक्शन दिलं नाही. माझ्या शब्दावर दिलं नाही, आणि तो शब्द काय करणार आहे, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दिलं असतं तर त्या बऱ्या झाल्या असत्या का? खात्री कुणीच देत नाही. ही पळवाट मी फार वर्षं वापरली. आता नाही वापरत.

आज त्यांची उजवी बाजू गेलेली आहे. पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणता येत नाही. पण कधीकधी दुपारी, आंघोळीनंतर, त्या धवला गातात — शब्दन् शब्द नीट. असं होतं; गाणं शिल्लक राहतं. मी केस विंचरत असते आणि मला पळून जावंसं वाटतं.

गेल्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं मला साडी दिली. सून असावी तर अशी, म्हणाल्या. मी उठून सांगायला हवं होतं. मी ओटी पुढे केली. पण तुम्हाला सांगते, या सेवेनं काही फिटत नाही, आणि मी फेडायला म्हणून करतही नाही. त्यांना उचलायला माणूस लागतं, आणि मी घरात आहे. बस्स. मला देवी करू नका, आणि नशिबाचे भोग म्हणून मला सोडवूही नका. नशीब त्या दिवशी अडीच तास वाट बघत थांबलं होतं.

त्या दिवसाचा कागद अजून आमच्या कपाटात आहे. शेवटच्या नीट असल्याची वेळ — सकाळी सात. खोटं आहे ते. साडेअकराला पाच मिनिटं कमी होती.