सायकलच्या ट्यूबचा बेल्ट

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, छापखान्याच्या दारात पत्रकांचे गठ्ठे बांधून घेत होते. वाटूरहून तिच्या शेजारच्या सुमनमावशी बोलत होत्या. सकाळी चहाला हाक मारली, ओ आली नाही म्हणून आत गेल्या... उशाशी वॉकमन होता, म्हणाल्या. मी विचारलं, "चालू होता का?" त्या पुन्हा चहाचंच सांगू लागल्या. त्यांना प्रश्न कळला नसावा. मला मात्र दोन वर्षं तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, गावात सायकली दुरुस्त करत आणि जयंतीला गायन पार्टीत गात. चाळिशीतच गेले. मागे राहिली त्यांच्या गाण्यांची एक कॅसेट आणि तो वॉकमन. त्याचा टेप फिरवणारा रबरी बेल्ट तुटला होता, तेव्हा मामांनी सायकलच्या ट्यूबमधून बारीक कडी कापून बसवली होती. तीच पुढे तीस वर्षं फिरली. वर्षागणिक सैल होत गेली, टेप मंद होत गेली. मी ऐकली तेव्हा मामा विहिरीतून बोलावं तसे गात होते. आत्या डोळे मिटून ऐकायची.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. अंबडच्या आमच्या घरात अंथरुणाखालीसुद्धा पत्रकं असायची. चूक दिसली की ती दुरुस्त झालीच पाहिजे, हा माझा हट्ट. आत्या हसायची. "आली बाई दुनिया नीट करणारी," म्हणायची, आणि माझं ताजं पत्रक साखर बांधायला घ्यायची. कागद मजबूत असतो म्हणे.

दोन वर्षांपूर्वी एकदा ती सुमनमावशींकडे गेली असताना मी जालन्याहून आणलेला नवा बेल्ट आणि वॉकमन घेऊन ओट्यावर बसले. चार स्क्रू, एक चिमटा, अर्धा तास. जुनी कडी काढताना तुटली, मी ती चुलीत टाकली. आधी स्वतः ऐकून पाहिलं; आत्या आली तेव्हा हेडफोन तिच्या कानांवर ठेवून टेप लावून दिली. मामांचा खरा आवाज तीस वर्षांनी घरात आला... पातळ, तरतरीत, घाईतला.

"हे कोण गाऊन राह्यलं?" तिनं विचारलं.

मामाच, म्हटलं. आता बराबर चालतंय. तिनं पुन्हा थोडं ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"माझ्यासंग म्हातारे होऊन राह्यले व्हते गं ते. तू त्यायला परत जवान केलं. मी सत्तरीची... आता मी यांच्यासंग काय बोलू?"

खरं ते खरं, असं मी तिला समजावायला निघाले होते. लाज वाटते, पण समजावलंही. ती ऐकत राहिली. कडी कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं. चुलीत टाकली म्हणाले, तेव्हा ती उठली आणि भाकरी टाकायला बसली. त्यानंतर माझ्यासमोर तिनं वॉकमन कधी लावला नाही. मीही विचारलं नाही. मोर्चात पोलिसांना प्रश्न विचारणारी मी, आत्याला विचारू शकले नाही.

तिचं सामान आवरायला मीच गेले. घरात दुसरं होतं कोण? वॉकमनशेजारी माझं एक पत्रक चार घड्या घालून ठेवलेलं. साखर असेल म्हणून उघडलं, तर आत मी बसवलेला बेल्ट. मग झाकण काढून पाहिलं. आत ट्यूबची कडी होती, शिवणाच्या कात्रीनं कापलेली, एकीकडे जाड, एकीकडे बारीक. स्क्रूंच्या खाचा सुरीच्या टोकानं झिजलेल्या. कितीदा कापली असेल, कितीदा चुकली असेल, किती दुपारी एकटी बसली असेल...

वॉकमन आता माझ्या टेबलावर आहे. सेल मात्र मी नवे घातले. बटण दाबलं की मामा गातात, अडखळत, दम घेत, पूर्वीपेक्षाही सावकाश. सत्तरीच्या माणसासारखे. स्क्रू-ड्रायव्हर समोरच्या डब्यात असतो. मी त्याला हात लावत नाही.