पिवळी न झालेली नळी

मंगळवार, ६ फेब्रुवारी. धाकट्याचे पोट पहाटेपासून दुखते आहे. औषध दिले, उतार नाही. पुन्हाताई डबा विसरून प्रयोगशाळेत गेली. आम्ही डॉक्टरांकडे निघतो आहोत.

एवढे लिहून आईने रोजनिशी मिटली आणि धाकट्याला घेऊन ती निघाली.

पुन्हाताई हे नाव या धाकट्यानेच बहिणीला ठेवलेले. गॅस बंद केला तरी ती पुन्हा बघणार, कुलूप लावले तरी पुन्हा ओढणार, अर्ध्या जिन्यातून परत वर येणार. "ताई, त्या कुलपाला जरा दम खाऊ दे," तो म्हणायचा. पण याच खोडीवर तिची नोकरी उभी होती. अंगात गेलेले औषध आपले काम करते, मग शरीर ते मोडून टाकते. मोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, कुणाच्या अंगात चपळ, कुणाच्या अंगात आळशी, हे मोजता मोजता तिचे केस पिकायला लागले होते. आईला तिने हे समजावले तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे पाहुणे गेल्यावर भांडी घासणारी बाई. ती आली नाही की पसारा तसाच." ही उपमा पुन्हाताईने एका व्याख्यानात आपली म्हणून खपवलीही होती.

सध्या ती एकाच विकराच्या मागे होती. शस्त्रक्रियेआधी स्नायू सैल करायला एक इंजेक्शन देतात. त्याने श्वाससुद्धा थांबतो. रक्तातले हे विकर त्या औषधाचा काही मिनिटांत फडशा पाडते, म्हणून माणूस पुन्हा श्वास घेतो. ज्याच्यात ते चालत नाही, तो तासन्‌तास निपचित पडून राहतो. भूल उतरते, सगळे ऐकू येते, पण बोट हलत नाही. बघणाऱ्याला वाटते, झोपलाय.

तपासणी तशी साधी. रक्त यंत्रात गरगर फिरवून वर येणारा पातळ भाग नळीत घालायचा, त्यात रसायन टाकायचे. विकर चालत असेल तर नळी पिवळी होते. रसायनाची नवी बाटली उघडली की आधी प्रयोगशाळेतल्याच माणसांचे रक्त लावून बघायचे, असा तिथला रिवाज. धडधाकट माणसे, तेव्हा नळ्या पिवळ्या व्हायलाच हव्यात.

सगळ्यांच्या झाल्या. तिची झाली नाही.

"मॅडम, तुमची परत गंडली," सहायक मुलगी म्हणाली. "मागच्या बाटलीलाही असंच झालं होतं."

"रक्त घालायचं राहिलं असेल. टाकून दे."

मागच्या वेळीही ती हेच म्हणाली होती. जगाचे सगळे पुन्हा पुन्हा बघणारी बाई, पण स्वतःच्या नळीकडे तिने वळून पाहिले नव्हते. तपासायचे होते ते रसायन, ती स्वतः नव्हे.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, अपेंडिक्स निघालं. फुटायच्या बेतात आहे म्हणतात, आत्ताच आत नेतायत. ती भूल देणारी डॉक्टर विचारत होती, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का. मी म्हटलं, आमच्याकडे आजवर कुणाला भूल द्यायची वेळच आली नाही. बरोबर ना?"

सहायक मुलीचा हात केराच्या डब्यावर होता.

"टाकू नकोस!"

"काय टाकू नको?" आईने विचारले.

"तुला नाही गं. आई, फोन चालू ठेव."

सकाळच्या रक्तातले थोडे शिल्लक होते. फोन खांद्यात दाबून तिने दोन नळ्या भरल्या, एक सहायक मुलीच्या रक्ताची, एक आपली. रसायन स्वतःच्या हाताने टाकले. पहिली बघता बघता पिवळीधमक झाली. दुसरी नुसते पाणी वाटावे अशी.

"आई, त्या डॉक्टरला फोन दे."

"दार लावून घेतलंय. आत येऊ नये अशी पाटी आहे."

"आई, दार ढकल!"

नन बायकांच्या शाळेच्या शिस्तीत वाढलेली आई. दार वाजवल्याशिवाय आत जायचे नाही, कुणाचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, हे तिने जन्मभर पाळलेले. फोनमधून चपलांची फटफट ऐकू आली, दार आदळले, कुणीतरी ओरडले, "अहो आजी, चपला!" आणि मग आईचा कधी न ऐकलेला आवाज: "ते इंजेक्शन देऊ नका! आधी माझ्या मुलीशी बोला!"

"बोला, पटकन," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुन्हाताईने सांगितले.

"भावाचं रक्त तपासलंय?"

"नाही. माझं."

"मग भूल तुम्हाला देऊ का?"

"सख्खा भाऊ आहे, डॉक्टर. माझ्यात ते विकर चालत नाही, त्याच्यातही चालत नसू शकेल. चारात एक तरी शक्यता आहे."

"आणि त्याच्या पोटात अन्न आहे. झटकन श्वासनळीत नळी घातली नाही आणि तो ओकला, तर सगळं छातीत जाईल. म्हणून तर हे औषध."

"तितकंच झटपट दुसरं आहे ना?"

"आहे. उतरायला वेळ लावतं. तुमचीच तपासणी चुकली नसेल कशावरून?"

"एकदा बघितली असती तर मीही तेच म्हटलं असतं. पुन्हा बघितली आहे."

पलीकडे डॉक्टरबाईंचा आवाज फोनपासून लांब गेला. मग, "हे ठेव बाजूला. दुसरी बाटली काढ." फोन बंद झाला.

ती इस्पितळात पोचली तेव्हा आई बाकावर बसली होती, एका पायात चप्पल नाही. शस्त्रक्रिया उरकली होती, पण धाकटा हलत नव्हता. दुसरे औषध रेंगाळते हे पुन्हाताईला ठाऊक होते. तरी काचेतून ती त्याच्या बोटांकडेच बघत राहिली. छाती वरखाली होत होती, पण तो श्वास यंत्राचा.

"तू सांगितलंस म्हणून लांबलं का गं?" आईने हळूच विचारले.

"हो."

आईने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

अखेर बोट हलले. मग भुवई. डॉक्टरबाई बाहेर आल्या. "आपला आपण श्वास घेतोय. आणि हे त्याचं रक्त. आता शंका फेडून टाका."

दिवस मावळायच्या सुमारास पुन्हाताई प्रयोगशाळेतून परत आली. "तुझी नळी पिवळी झाली. दोनदा."

धाकट्याने कष्टाने डोळे उघडले. "म्हणजे मी पास, तू नापास. लिहून ठेवा कुणीतरी, आपल्या घरात पहिल्यांदाच घडलंय."

"हसू नकोस, टाके ओढतील," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "याच्या जागी तुम्ही असतात तर? मी तेच इंजेक्शन दिलं असतं. आणि फोन करायला कोण होतं?" आईकडे वळून त्या म्हणाल्या, "यांच्या पर्समध्ये कायम एक चिठ्ठी ठेवायला लावा, हे इंजेक्शन यांना चालत नाही म्हणून."

दिवसभर मुलासाठी बसलेली आई मुलीकडे वळली. तिचे मनगट तिने धरले, ते रात्री धाकट्याला परिचारिकांवर सोपवून घरी पोचेपर्यंत सोडले नाही. कुलूप लेकीने उघडले, आत गेल्यावर लावले, आणि त्या दिवशी आईनेच ते पुन्हा ओढून पाहिले.

मग तिने रोजनिशी उघडली आणि सकाळच्या मजकुराखाली लिहिले: दूध सकाळपासून ओट्यावरच राहिले, नासले. चहा बिनदुधाचा घेतला.