पाटावरचा क्रिस्टल

मी सोलापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. कुणी भुताखेताचं काढलं की त्याची फिरकी घेण्यात माझा पहिला नंबर. त्यामुळे हे वाचून माझेच विद्यार्थी हसणार... हसू देत!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेजारचे नरसय्यामामा चादरींचं सूत रंगवायचे. रंगात जाड दाणे निघत, सुतावर डाग पडत आणि नवी पेठेतले व्यापारी माल परत पाठवत. त्यांच्यासाठी मी जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून अल्ट्रासाउंडचं मशीन केलं होतं. कानाला न ऐकू येणारा आवाज क्वार्ट्झच्या चकतीतून, म्हणजे क्रिस्टलमधून, रंगाच्या पाण्यात सोडायचा. जाड दाणे पट्ट्यांत गोळा होतात, बारीक रंग मोकळा राहतो. पुस्तकात होतं तसं! माझ्याकडे महिनाभर ढिम्म.

खंडेनवमीला आईने घरातली हत्यारं पुजली. मशीनमधून काढून ठेवलेला क्रिस्टलही तिने घासूनपुसून पाटावर मांडला, वर ओलं हळदकुंकू, शेजारी रंगाच्या पाण्याची काचनळी. क्रिस्टलवरचा, वीज आत नेणारा चांदीचा मुलामा पार गेला. मी जाम चिडलो. पण आज हत्याराला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं.

दुपारी मामा आले. दसरा झाला की रंगाची भट्टी विझवून मिलमध्ये नोकरीला लागणार, असं सांगून ते पाटासमोर हात जोडायला वाकले... आणि तसेच थांबले.

"मास्तर, हे बघा की."

नळीत पट्ट्या! लालभडक, एकावर एक, पाण्यात अधांतरी. दाणे तळाशी बसले असते तर समजलं असतं. पण हे तरंगत होते, आणि मधलं पाणी एकसारखं गुलाबी! आईचं बोलणं विसरून मी क्रिस्टल उचलला — पट्ट्या विस्कटल्या. परत ठेवला — पुन्हा उभ्या! आनंदाने मी ओरडलोच.

"मामा, वायर जोडलेली नाही. मशीन पलीकडच्या खोलीत बंद आहे."

"असू दे की. दाणा तर येगळा झालाय न्हवं?" डोळे पुसत ते म्हणाले. "भट्टी न्हाय विझवत मी."

दसऱ्यानंतर तोच क्रिस्टल मशीनला लावला. काही नाही, मेलेला. पुढे नवा मागवला, मशीन चाललं, मामांच्या चादरी बिनडागी निघाल्या. त्याचं गणित मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो. पण मामांची भट्टी वाचली ती त्या दुपारी, बंद मशीनवर... आणि तिथे माझा खडू आजही थांबतो.