लक्ष्मीच्या पोटातला गुंड

परवा एका कॉलेजच्या प्रदर्शनात एक यंत्र पाहिलं. त्यातून वितळलेलं प्लास्टिक निघतं, त्यात कार्बनचा धागा असतो आणि थरावर थर चढत वस्तू तयार होते. समजावून सांगणारी मुलगी फार भारावली होती. मी म्हटलं, बाई गं, हे आमच्या घरी ऐंशीच्या दशकातच होऊन गेलंय. यंत्राच्या जागी माझे बाबा होते, एवढाच फरक. यंत्र निदान सांगितलेलं ऐकतं.

बाबा भिलाईला स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉप नावाच्या विभागात होते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुना अडकू नये म्हणून तो वर रुंद आणि खाली निमुळता ठेवतात. त्याला म्हणायचं टेपर. हा टेपर बाबांनी आम्हाला जेवताना शिकवला होता. वाटीतून भाताची मूद पडली की ते आईकडे नव्हे, वाटीकडे कौतुकाने पाहायचे.

त्या वर्षी भादव्यात, महालक्ष्म्या यायच्या तोंडावर, थोरलीचा लोखंडी स्टँड गंजून मोडला. आमच्याकडे दोघी उभ्या असतात. वर पितळी मुखवटा, खाली साडी नेसवलेलं धड, आणि त्या धडाच्या पोटात धान्य भरायचं. आईने नवा स्टँड आणायला सांगितलं. सांगितलेलं सरळ केलं तर ते बाबा कसले? कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी फायबरचे कूलर बनताना पाहिले होते. तिथून रेझिनचा डबा, हार्डनरची बाटली आणि काचेच्या धाग्यांची मॅट घेऊन आले.

"लोखंड गंजते. हे जन्मात नाई गंजत," बाबा म्हणाले.

"पण कंबर पाह्यजे," आई म्हणाली. "ड्रमले साडी नाई नेसवत मी."

आई दुर्गच्या बाजाराला गेली आणि बाबा साचा शोधायला लागले. त्यांना नेमका आईचा पितळी गुंड दिसला. गुंड म्हणजे पाण्याचं मोठं भांडं: मान अरुंद, पोट गोल, बूड परत लहान. तो आजीने भंडाऱ्याच्या कासाराकडून लेकीच्या लग्नासाठी घडवून घेतला होता, आणि आजी या महालक्ष्म्यांच्या आधीच्याच उन्हाळ्यात वारली होती. आम्ही त्या गुंडाला नुसता हात लावला तरी आई ओरडायची. बाबांनी तो उचलून अंगणात नेला.

गुंडाला काही चिकटू नये म्हणून त्यांनी मेणाचं पॉलिश चोळलं. मग ब्रशने रेझिन, त्यावर मॅट, परत रेझिन, परत मॅट. मानेपासून बुडापर्यंत कुठे जागा सोडली नाही. वास असा सुटला की शेजारच्या आंध्राच्या काकू पदराने नाक दाबून कुंपणाशी आल्या.

"भाईसाब, गैस लीक हो रहा है क्या?"

"नहीं बहनजी, लक्ष्मी बन रही है."

धड कडक वाळलं. बाबांनी त्यावर पॉलिश पेपर घासला आणि काचेची बारीक पूड घरभर उडवली. आई पिशव्या घेऊन परतली तेव्हा ते धड दोन पायांत आवळून आतला गुंड ओढत बसले होते.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"निघून राह्यला," बाबा म्हणाले.

निघत नव्हता. मेण उत्तम लागलं होतं, गुंड आत गरगर फिरत होता. पण वरून मान अरुंद आणि खालून कंबर अरुंद, मग मधलं पोट बाहेर येणार कुठून? दिवसभर टेपर देणाऱ्या माणसाने घरी येऊन हे करावं!

"कंबर तूच मांगितली," बाबा म्हणाले.

"मी लक्ष्मीची कंबर मांगितली. माह्या मायचा गुंड मांगितला काय?"

भांडण चांगलं रंगलं असतं, पण काचेच्या पुडीने दोघांनाही इतकी खाज सुटली होती की बोलता बोलता हात पाठीकडे जायचे. शेवटी बाबांनी लोखंड कापायची करवत आणली. धड कापलं तर पितळेवर चरा पडणार आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीला उभं कशावर करणार? आईने करवत हिसकावली, ओट्याखाली टाकली आणि बोलणंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी धडाला साडी नेसवली. कंबर झकास दिसत होती, पण हे सांगायची बाबांची टाप नव्हती. गुंडाचं तोंड वर उघडंच होतं, आईने त्यात तांदूळ ओतले. पितळेचा आवाज झाला. आई तशीच थांबली, आत वाकून पाहत राहिली आणि एकदम रडायला लागली. मलाही रडू आलं. मुखवटा चढला, पुरण झालं, आंबील झाली, पण बाबांशी ती अक्षर बोलली नाही.

लक्ष्म्यांचं विसर्जन झाल्यावर बाबा करवत घेऊन आले. "एक रेघ नाई पडू देत," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"ठेवा ते," आई म्हणाली. "माय गेली, आता मले माहेर राह्यलं नाई. असू द्या तिले तिथंच. सालातून तीन दिवस मायच येत जाईन माह्या घरी."

 बाबांचं आणि आजीचं कधी पटलं नव्हतं. आजी राहायला आली की ते मुद्दाम मागून रात्री दहापर्यंतची सेकंड शिफ्ट घ्यायचे. आता त्याच सासूला त्यांनी स्वतःच्या हाताने घरात कायमची उभी केली होती, तीही जन्मात न गंजणारी. त्यांनी करवत खाली ठेवली, धडापुढे वाकून नमस्कार केला आणि आजीला हयातीत कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "येत जा."