शेवटच्या नळाचं पाणी

मामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी नगरच्या शाळेत पोरांना वांगं काढायला शिकवत होतो. टेबलावर एक वांगं, फळ्यावर माझं एक वांगं, आणि या दोघांत काही नातं आहे का याचा वर्ग गंभीरपणे विचार करत होता. तेवढ्यात मनमाड रस्त्याच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. कोल्हारच्या पुढे, माझ्या आजोळच्या फाट्यावर, त्याची मोटार रोज थांबते. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "मास्तर, तुमचं नानामामा गेलं. पहाटं. ताप हुता म्हनं... चला, मोटार उभी केलीय." मी हातातल्या खडूसकट निघालो. टेबलावरचं वांगं शिपायाने घरी नेऊन भाजलं असं पुढे कळलं, आणि का कोण जाणे, मला ते ऐकून बरं वाटलं. मामाला काही वाया गेलेलं खपत नसे.

रडू त्या दिवशी आलं, ते कुणालाही येतं. राग आला तो तेराव्यानंतर, म्युनिसिपालिटीने शोकसभा भरवली तेव्हा. अध्यक्ष उठले. त्यांना सारा गाव रावसाहेब म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. मामाच्या हार घातलेल्या तसबिरीकडे पाहत ते म्हणाले, "कैलासवासी नाना हे अत्यंत शांत, मितभाषी आणि सर्वांशी जुळवून घेणारे गृहस्थ होते." आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला येऊन बसलो की काय, म्हणून मी तसबीर पुन्हा नीट पाहिली. मामा शांत! ज्याने तोंड उघडलं की कचेरीच्या तुळईवरची पारवी उडून पलीकडच्या धर्मशाळेवर जाऊन बसायची, तो शांत! आणि जुळवून घेणारा म्हणे. याच रावसाहेबांशी त्याचं उभ्या जन्मात एकाही गोष्टीवर जुळलं नाही, पावसाच्या अंदाजावरसुद्धा नाही. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण पुढे ठराव आला. नानांच्या स्मृतीला मान म्हणून त्यांच्या घरी म्युनिसिपालिटीच्या खर्चाने नळ बसवून द्यावा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी ताडकन उठलो, पण धोतराचा सोगा खुर्चीच्या खिळ्यात अडकला आणि मी तसाच अर्धवट वाकून उभा राहिलो. सभेला वाटलं, भाचा नम्रपणे आभार मानतो आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. तिथे जे बोलता आलं नाही ते आता इथे लिहितो आहे.

माझं आजोळ प्रवरेच्या काठचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथे अजून जेवायला जायचं असतं. पेठेत मामाचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. नळ येण्याआधी सारं गाव नदीचं पाणी प्यायचं. बायका डोक्यावरून आणायच्या. बऱ्या घरांतून धुण्या-सांडायच्या पाण्यासाठी हुसेनभाईचा रेडा पाठीवर कातड्याची पखाल घेऊन दारोदार फिरायचा. नदी आटली की चौकातली मोठी विहीर होती. पण ज्यांची घरं वेशीबाहेर, त्यांना त्या विहिरीच्या पायरीला पाय लावायची बंदी. त्यांच्या बायकांनी मडकी खाली ठेवून लांब उभं राहायचं, आणि भरायला आलेल्या कुणाला दया आली, सवड असली आणि सोवळं आड आलं नाही, तर त्याने वरून ओतायचं. मामा दुकानात जाता-येता हे पाहायचा. तो कुठल्याही चळवळीत नव्हता. खादी अंगाला टोचते म्हणून घालतही नसे. त्याला ते उभं राहणं बघवत नसे, एवढंच. "दुकानात गिऱ्हाईक जरा ताटकळलं तर मी बसायला पाट देतो," तो म्हणायचा, "आणि ह्या बायका तांब्याभर पाण्यासाठी दुपार काढतात, दत्तू... दुपार!"

म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला, मेंबर झाला आणि पाणी कमिटीत शिरला. नळ आणू म्हणताच गावात आधी बोलवा उठली की नानाला बादल्या खपवायच्या आहेत. ती विरते न विरते तोच कुणीतरी शहराहून शोध लावून आला की नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो. झालं! देवळात बैठक बसली. चामड्याला लागलेलं पाणी घरात कसं घ्यायचं? रावसाहेबच पुढे होते.

"पखाल कशाची असते, रावसाहेब?" मामाने विचारलं. "केळीच्या पानाची?"

"ते पाणी आम्ही पीत नाही. वापरतो."

"मग नळाचंही पिऊ नका. वापरा."

त्या वादात मामाने मलाही ओढलं. "तू चित्रकार ना? तोटीचं पोट फाडून दाखव लोकांना. वायसर केवढासा असतो ते दिसू दे." मी रात्रंदिवस खपून भल्या मोठ्या कागदावर तोटी काढली आणि ती देवळाच्या खांबाला टांगली. एक म्हातारे चष्मा पुसून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बदक झकास जमलंय. पण ह्यात वायसर कुठं?" बैठक हसून लोळली, आणि त्या हसण्यात विरोधही थोडा सैल झाला. गावाला पाणी माझ्या भाच्याच्या बदकाने आणलं, असं मामा पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माझ्या कलेची एवढी कदर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

मंजुरी आली आणि तिच्यामागोमाग लढाई आली. लोखंडाचा तुकडा दिसेना, मग पाईप कुठले? मामा मुंबईच्या खेपा घालून वाळला. लढाई संपल्यावर कुठे जुने-पाने पाईप हाती लागले, नदीतल्या विहिरीवर ऑईल इंजिन बसलं, टेकाडावर टाकी उभी राहिली. आणि आता जे सांगतो ते लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात. टेकाडापासून गावापर्यंतचा चर खणला तो वेशीबाहेरच्या लोकांनी. मुरुमात, चैत्राच्या उन्हात. आणि पाईप संपले कुठे? बरोबर वेशीच्या आत! रावसाहेब म्हणाले, "काय करणार, लोखंडच पुरलं नाही." मामाने त्यांच्या वाड्यामागची बाग मोजली. मोजली म्हणजे भर सभेत पावलं टाकून दाखवली. बागेतल्या पेरूच्या झाडांपर्यंत पाईप गेला होता. तो पाईप उपटून वेशीबाहेर आला तेव्हा कुठे वस्तीत एक नळ उभा राहिला. गावातला शेवटचा नळ. घरात नळ घ्यायला अर्ज सुटले, तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढे कोण होते म्हणता? देवळातली चामड्याची बैठक, जशीच्या तशी!

पण नळ उभा राहिला म्हणजे पाणी आलं असं थोडंच आहे? रोज सकाळी टाकीवरून एकेका भागाची चावी उघडायची, ती उघडणारा हुसेनभाई. नळ आल्यावर त्याची पखाल बसली, म्हणून मामानेच भांडून त्याला ही नोकरी लावून दिली होती. चाव्यांचा क्रम मात्र वरून ठरलेला, आणि वेशीबाहेरची चावी सगळ्यांच्या शेवटी. तेलाची टंचाई, इंजिन चालायचं थोडं, आणि वरच्या आळीत घरोघरी हौद भरून वाहायचे. शेवटची चावी उघडेपर्यंत टाकीचा तळ दिसायचा. मामा टेकाडावर जाऊन ओरडला तर हुसेनभाई म्हणाला, "नाना, माज्यावर कशाला वराडता? टाकीत आसंल तर सोडीन. मी चावीवाला हाय, पाऊस न्हाई." मामाने कमिटीत विचारलं. उत्तर मिळालं, चावी रोज उघडली जाते, तक्रार नाही. तक्रार नाही! तक्रार करायला कचेरीची पायरी चढायला लागते, आणि ती चढणाऱ्याला शिपाई काय म्हणायचा ते मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर मामाने जे केलं ते त्याच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. त्याच्या घरी नळ मंजूर होता, खड्डासुद्धा खणून झाला होता. मामाने तो स्वतः बुजवला आणि सभेत सांगितलं, "आजपासून माझ्या घरचं पाणी वेशीबाहेरच्या नळाचं. दुसरं घेणार नाही." आणि दुसऱ्या सकाळी पेठेतला भांड्यांचा व्यापारी, म्युनिसिपालिटीचा मेंबर, खांद्यावर घागर घेऊन भर पेठेतून निघाला. कुणी हसले, कुणी दारं लावून घेतली. नळाला अर्थात पाणी नव्हतं. मामा रिकामी घागर घेऊन परत आला. तसाच पुढच्या दिवशीही. पिण्यापुरतं मामीने नदीवरून आणलं, पण मामाने अंघोळ म्हणून केली नाही. वैशाख होता. पाणी कमिटीची सभा लागली तेव्हा तो नेमका रावसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला, धोतर फडफडवून ऐसपैस.

"नाना, जरा... सरकून बसता का?" रावसाहेब म्हणाले.

"का हो? चावी रोज उघडते ना? मग मी रोज अंघोळ करतो. तुम्हाला भास होतोय."

त्यापुढची सभाही तशीच झाली, त्याच्या पुढची खिडक्या उघड्या ठेवून. मग चाव्यांचा क्रम बदलला. शेवटच्या नळाची चावी सगळ्यांत आधी उघडू लागली, ती आजतागायत... म्हणजे मामा होता तोवर. कारण मेंबरच्या घरी पाणी नाही, ही तक्रार कचेरीला ऐकू येत होती. मामाचं घर त्या नळाला असं बांधलेलं होतं. तो माणसांची दया मागत बसला नाही, त्याने आपली तहान तिथे नेऊन ठेवली.

यात पिळून निघाली ती मामी. तिच्या माहेरचे लोक त्या नळाचं पाणी म्हणून या घरी जेवेनासे झाले. "साऱ्या गावाच्या घरात नळ," ती मला म्हणायची, "आणि ज्यांनी नळ आणला त्यांच्या घरात घागर! दत्तू, तू तरी सांग ह्यांना." मी सांगायला गेलो की मामा माझ्या हातात दुसरी घागर द्यायचा. मी वेशीपासून घरापर्यंत ती आणली की निम्मं पाणी रस्त्याला आणि उरलेलं माझ्या बंडीला, घागर हलकी. मामी ते पाणी देवाला घालत नसे, देवापुरता तांब्या नदीवरून आणायची. मग एका उन्हाळ्यात नदीत चिखलच उरला आणि एका सकाळी तिने गुपचूप घागरीतलं पाणी देव्हाऱ्यात नेलं. मामाने पाहिलं. पूजा आटोपेपर्यंत थांबला आणि विचारलं, "देव काही म्हणाला?" मामी म्हणाली, "तुमच्यासारखा बोलका नाही तो." पण त्यानंतर ती देवापुरतं नदीवर गेली नाही. घरात नळ मात्र तिला हवाच होता. तो विषय मामाच्या तापातही निघाला होता.

ठरावाप्रमाणे माणसं पाईप आणि फावडी घेऊन दारात आली, तेव्हा मी आजोळीच होतो. या घरात नळ आला की शेवटच्या नळावर कुणाचीच तक्रार उरत नव्हती. मामा जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि शेवटची चावी आठवड्यापासून पुन्हा शेवटीच उघडत होती. वस्तीतली सोनाबाई तेच सांगायला आली होती आणि अंगणात उभी होती. पण मामीला 'घेऊ नकोस' असं मी कोणत्या तोंडाने सांगायचं? इतकी वर्षं पाठ तिची दुखलेली.

मामी आतून आली. पाईपकडे पाहिलं. मिस्त्रीला म्हणाली, "चहा घ्या आणि हे परत घेऊन जा."

"पण आक्का, फुकट हाय. नानांच्या मानाचं हाय."

"रावसाहेबांना सांगा, ह्यांचा मान करायचा तर चावी उघडा. आणि हेही सांगा, की नानांच्या घरात आज पाणी नाही."

मग तिने घागर उचलली. नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. शेजारच्या दारात बायका जमल्या. सोनाबाई पुढे आली आणि म्हणाली, "आक्का, तुमी कशाला भाईर पडता? आमी भरू की तुमचं पानी. कुठनं बी भरू."

"तू भरून घातलंस की कचेरी म्हणेल, नानांच्या घरी पाणी आहे," मामी म्हणाली. "चल."

स्वराज्य आलं, झेंडे लागले, रावसाहेबांनी खादी शिवली, आणि एका विधवेला एक चावी वेळेवर उघडावी म्हणून भर पेठेतून रिकामी घागर मिरवत जावं लागतं! शांत, मितभाषी आणि जुळवून घेणारे गृहस्थ म्हणे. मामी कचेरीसमोर थांबली. आजवर तिचा आवाज माजघराबाहेर कुणी ऐकला नव्हता. तिने हाक मारली, "रावसाहेब!" तुळईवरची पारवी उडाली की नाही ते मी पाहिलं नाही, पण खिडकीतली दोन डोकी पटकन आत गेली.

त्या दिवशी पाणी आलं नाही. त्यानंतरही काही दिवस नाही, पण कचेरीसमोरची हाक एकही दिवस चुकली नाही. आता येतं. सकाळी, सगळ्यांच्या आधी. गेल्या रविवारी मी आजोळी होतो. न्हाणीच्या दाराशी खुंटीवर मामाचा पंचा आहे, घागर टोचू नये म्हणून तो खांद्यावर घडी करून घ्यायचा तो. माणूस गेला की त्याचे कपडे देऊन टाकतात. तेही मामीने दिले, एवढा पंचा ठेवला. मी सहज हात लावला. ओला होता. मामी मागून म्हणाली, "पिळू नकोस, फाटेल. उद्या लागायचाय."