शेवटच्या पानावरचा रकाना

यवतमाळात माझा दवाखाना आहे, आणि एका छोट्या संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीतही मी बरीच वर्षं आहे. ही शिष्यवृत्ती फक्त फॅमिली मेडिसिनला जाणाऱ्यांसाठी. एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचं शिक्षण घ्यायचं आणि मग पाच वर्षं जिल्ह्यातल्याच एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवायचा, एवढी अट. दरवर्षी एकालाच मिळते. अर्ज थोडेच येतात. मुलांना हाडं हवी असतात, हृदय हवं असतं, कातडी तर फारच हवी असते. अख्खा माणूस सहसा कुणाला नको असतो.

अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करायचं काम माझ्याकडे. त्यात माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. कशासाठी आलो ते मी चहा संपेपर्यंत सांगत नसे. शिष्यवृत्तीचं नाव काढलं की घरातला फ्रिज शेजाऱ्याकडे जातो आणि मोटारसायकल मेहुण्याची होते, हे मी पाहिलं होतं. म्हणून "डॉक्टर आहे, यवतमाळहून आलो, मुलीबद्दल जरा विचारायचं होतं," इतकंच बोलून बसायचं. मग माणसं आपसूक खरं बोलतात, असं मी समितीत ऐटीत सांगत असे.

असाच एकदा महागाव तालुक्यातल्या एका गावी गेलो. मुलगी यवतमाळात इंटर्नशिप करत होती, घरी आईवडीलच होते. वेचणीचे दिवस होते. पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली, आणि उरलेल्या जागेत मला खुर्ची मिळाली. घरात कोण कोण आहे, मुलगी कितवी, शेती किती, असं मी विचारत गेलो. घरही फिरून पाहिलं. तेवढ्यात आईनं पोहे आणले, वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड.

पोहे आले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर पांढऱ्या सदऱ्यातला साठीचा माणूस घरी येतो, मुलीबद्दल विचारतो, शेती किती विचारतो, तर तो कशासाठी आला असेल हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला कळलं नाही. पोहे चांगले होते, मी खाल्ले.

अर्जाच्या पहिल्या पानावर शेती सात एकर कोरडवाहू लिहिली होती. वडील म्हणाले, "बारा एकर हाये जी. समदं ओलित." मी वहीत टिपून घेतलं.

"मुलगी पुढं काय करणार आहे?"

"हार्टची डॉक्टर होऊन राह्यली जी."

"फॅमिली मेडिसिन म्हणत होती ना?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ही बातमी पाहुण्यांपर्यंत कशी गेली, असा तो चेहरा होता. "ते असंच जी, पोरीचं खूळ. लग्न झालं का सोडून देते. तुमी सांगान ते करन ते. दवाखाना काढून द्या, नाईतर घरी ठेवा."

मी वही मिटली. मला रागच आला. ज्या अटीसाठी ही शिष्यवृत्ती आहे, तीच हा माणूस पोह्यांबरोबर मला वाढून देत होता. मग मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"मंग आधी काहून नाई सांगतलं जी?"

त्यानंतर त्यांनी सात एकर, कोरडवाहू, सगळं खरं सांगितलं. मी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. महागावच्या स्टँडवर बसूनच अहवाल लिहिला: माहिती खोटी, घरचे अट पाळू देणार नाहीत, शिफारस नाही. त्याचा फोटो काढला आणि समितीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या दवाखान्यात आली. नंबर घेऊन पेशंटच्या रांगेत बसली आणि नंबर लागल्यावरच आत आली.

"बाबा जमिनीचं खोटं बोलले, सर."

"आणि लग्नानंतर सोडून देणार, ते?"

"ते मनातलं खरं बोलले. म्हणून तर मी लिहिलं होतं. शेवटच्या पानावर."

मी अर्ज काढला. शेवटच्या पानावर एक रकाना आहे: पुढील शिक्षणास व अटीस घरच्यांचा पाठिंबा आहे काय? तिथं सगळे 'होय' लिहितात, म्हणून ते पान उलटायचं मी कधीच सोडून दिलं होतं. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नाही. तरीही करणार आहे.

"हार्टसाठी घरचे वावर विकतील, सर," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी एक रुपया देणार नाहीत. ही शिष्यवृत्ती मिळाली तरच माझं होते."

उठता उठता ती म्हणाली, "पेशंटच्या घरी गेलं की आधी आपण कोण ते सांगायचं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात." रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली, आणि ती लपवताही आली नाही.

समितीच्या बैठकीत मी चूक कबूल केली. अर्ज नीट वाचला नाही, स्वतःची ओळख नीट दिली नाही, दोन्ही सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे ऐकलं. मग एक सदस्य म्हणाले, "पण पाठिंबा नाही हे तर तिनंच लिहिलंय. अशी मुलगी पाच वर्षं टिकणार कशी?" हा मुद्दा इतकी वर्षं मीच त्यांना शिकवत आलो होतो. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलाला गेली. त्याच्या रकान्यात 'होय' होतं.

ती बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षासाठी झरी जामणीकडच्या, कोलाम आदिवासींच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाली, एवढं कानावर आलं. पुढच्या वर्षी तिचा अर्ज पुन्हा आला. मी शेवटचं पान आधी उघडलं. रकान्यातलं अक्षर तिचं नव्हतं. निळं बॉलपेन इतकं दाबून चालवलेलं, की कागद मागून फुगला होता: हाये. खाली वडिलांची सही.

मी पुन्हा त्या गावी गेलो. अजून चप्पलही काढली नव्हती, तोच मी कोण, कुठून आणि कशासाठी आलो, सगळं सांगून टाकलं. "वळखतो जी, बसा," वडील म्हणाले. या वेळी नुसता चहा आला.

"तिची गादी पोचवाले गेलतो," ते आपणहून सांगू लागले. "दोन दिवसासाठी गेलतो, आठ दिवस राह्यलो. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पायत होतो. एक कोलामाची बुढी आली. हिनं तिले नातू कसा, सून कशी, समदं इचारलं, अन् तेबी त्याइच्या बोलीत. बीपी मंग पायला. बुढी जायच्या टायमाले माह्याजवळ आली अन् माह्या पाया पडली जी. मले काई सुचलंच नाई."

ते कापसाच्या ढिगाकडे पाहत बसले.

आता नियमाप्रमाणे सगळे प्रश्न तोंडी विचारायचे, असं मी स्वतःला बजावून आलो होतो. वही उघडली आणि विचारलं, "पुढच्या शिक्षणाला घरून पाठिंबा आहे ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"लिवून देलं ना जी," ते म्हणाले. "तुमी वाचत नाई काय?"