आर्थर काकांचा उजवा हात

आर्थर काकांनी बॉल सोडला नव्हता.

आधी हे पूर्ण वाचा. मग खाली हात जोडलेले फोटो टाका.

काल सकाळी इथे अमेरिकेत, एडिसनला आमचे शेजारी आर्थर काका गेले. ऐंशीच्या पुढे होते. तरुणपणी इंग्लंडमध्ये गोलकीपर. आपल्यासारखे नाही, खरे. पगार घेऊन खेळायचे.

मी त्यांचा फोटो टाकला आणि पहिली कमेंट आली आपल्या संडे ग्रुपच्या निखिलची.

"हेच ना ते, सेमीफायनलला हातातला बॉल सोडलेले? नेटवर वाचलं यार."

हो निखिल. नेटवर तेवढंच आहे. माणूस इतकी वर्षं गोलमध्ये उभा राहिला आणि नेटवर एक बॉल उरला.

आता माझं ऐक.

माझं तुम्हाला माहीतच आहे. डिप्लोमा अर्धवट. मावशीने आईच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला, त्यात मलाही मिळालं. आधी नोव्हाय नावाच्या गावात गोडाऊनमध्ये सहा महिने, मग अ‍ॅशबर्न गावी डेटा सेंटरमध्ये वायरी ओढल्या. तिथे गॅस स्टेशनवर एक पंजाबी बाई असा समोसा करायची की...

जाऊ दे. मग एडिसन. मावशीकडे.

रविवारी पार्कमध्ये तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले फुटबॉल खेळायचात. गोलमध्ये उभं राहायला कोणीच तयार नसायचं, म्हणून दहा-दहा मिनिटांची टर्न लावायची.

माझी टर्न कधी संपायचीच नाही.

"तू राहा रे. तुला कुठे उद्या ऑफिस आहे!"

हे निखिल, तूच म्हणायचास.

तिथे एक म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसायचा. एक दिवस मी गोल खाल्ला आणि तो खेकसला, "मुका आहेस का? बॉल तुझा असेल तर ओरडून सांग!"

"काय ओरडू?"

"तुमच्या भाषेत 'माइन'ला काय म्हणतात?"

"माझा."

"मग तेच. पलीकडच्या हायवेला ऐकू गेलं पाहिजे."

ते आर्थर काका. मावशीच्या समोरच्याच अपार्टमेंटमधले. अमेरिकेत येऊन आयुष्यभर एका शाळेचं मैदान राखलं, मग रिटायर.

त्यांनी मला शिकवलं. "उडी उशिरा मार. घाबरलेला आधी उडतो."

त्यांच्या वेळेला कीपरचे जाड ग्लोव्हज नाहीत. उघडे हात. पावसात फार तर घरी विणलेले लोकरीचे हातमोजे. चामड्याचा बॉल पाणी पिऊन धोंडा व्हायचा. समोरचा फॉरवर्ड रेफरीच्या डोळ्यांदेखत खांदा मारून कीपरला आडवा करायचा, आणि ते नियमात बसायचं!

सगळं सांगायचे. सेमीफायनलचं विचारलं की एकच उत्तर.

"नेक्स्ट क्वेश्चन."

मग मावशीकडे सत्यनारायण होता. मावशी सगळ्यांना नातं लावते, त्यामुळे काका 'आर्थर भाऊजी'. टाय लावून आले होते.

पूजा झाली. मावशी पळीने तीर्थ द्यायला लागली. काकांनी डावा हात पुढे केला.

"भाऊजी, नॉट लेफ्ट! राइट हँड!"

काकांनी मुकाट्याने उजवा हात पुढे केला. तळवा वर होईचना. शेकहँडला धरतात तसा हात उभाच्या उभा. मावशीने घाईत पळी ओतली आणि तीर्थ सगळं कार्पेटवर.

"अगं बाई!"

काका लालबुंद झाले. "सॉरी, लव्ह," तिकडे कोणाही बाईला असंच म्हणतात, "हा हात इतकाच वळतो. सेमीफायनलपासून."

मावशीला सेमीफायनल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिने पळी हातात तशीच धरून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, भाऊजी? लागलं का?"

एवढंच.

जगाने त्यांना विचारलं होतं, बॉल कसा सुटला. लागलं का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग ते बोलले. शिऱ्याची वाटी मांडीवर ठेवून, सावकाश.

पहिल्या हाफमध्ये कोणाचा तरी बूट मनगटावर पडला. कट्ट आवाज झाला. तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. कीपर बाहेर गेला की जर्सी दुसऱ्या कोणाला तरी घालायची आणि उरलेल्या दहांनी खेळायचं.

"आमचा बचावातला एक बॅक गोलमध्ये आला असता. छोटासा होता. त्याला चेचलं असतं तिथे."

म्हणून सांगितलंच नाही. हाफटाइमला बाथरूममध्ये जाऊन स्वतःच पट्टी आवळली. सगळा दुसरा हाफ एका हातावर काढला. शेवटी शेवटी एक बॉल छातीवर आला आणि सवयीने दोन्ही हात पुढे गेले. मोडक्या उजव्याला तो धरता आला नाही.

पेपरांनी नालायक म्हटलं. क्लबने पुढच्या सीझनला विकलं.

मी चिडलो. "मग नंतर तरी सांगायचं ना!"

"नंतर सांगितलं की ती सबब होते, लॅड. मी उभा राहिलो, कारण मला उभं राहायचं होतं."

"परत तसं झालं तर?"

"उद्या बोलाव. येतो."

मावशीने पळी पुन्हा भरली आणि त्यांच्या डाव्या तळव्यावर तीर्थ घातलं. गुरुजींनी मान वर केली. मावशीने असं बघितलं की गुरुजी निमूट आरतीचं ताट पुसायला लागले.

निघताना काका दारात म्हणाले, "हे कुठे बोलू नकोस."

नाही बोललो. दोन वर्षं तोंड बंद ठेवलं. माझं तोंड, विचार करा!

पण आता बोलणार. त्यांना सबब नको होती, मान्य. ही सबब नाहीच. हा हिशेबात न धरलेला अख्खा दुसरा हाफ आहे. ज्याला हसायचंय त्याने आधी मोडक्या मनगटाने माझी एक पेनल्टी अडवून दाखवावी.

आणि निखिल, रविवारी टर्न लावू नका. गोलमध्ये मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऑफिस असो नसो.

आर्थर काका, तुमचं ऐकलं नाही, रागवा हवं तर.

मावशीचा आणि माझा शेवटचा नमस्कार. निवांत जा.

हा बॉल आता माझा.